घंटेनंतरची प्रयोगशाळा

शाळेच्या चार भिंतींबाहेरचे शिक्षण हा विषय योजून, शाळा सुटल्यावर मुलांसाठी जे विज्ञान-तंत्रज्ञानाचे वर्ग आज गावोगावी चालतात ते प्रत्यक्ष पाहून त्यांच्याविषयी लिहावे, असे संपादकांनी कळवले. असे वर्ग आता आपल्याकडे दुर्मिळ राहिलेले नाहीत. नीती आयोगाने २०१६ साली अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळाशाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्यास आरंभ केला आणि देशभरात त्यांची संख्या आज दहा हजारांच्या पुढे गेली आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्यरत आहे, आणि मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघाने १९८१ मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला सहावीची आणि नववीची मुले दरवर्षी बसतात. वर्गांच्या संख्येविषयी मग मला फारसे कुतूहल उरले नाही. त्या दीड-दोन तासांत मुलाच्या बुद्धीचे नेमके काय होते, आणि एका वर्गात ते होते व शेजारच्या वर्गात होत नाही याचे कारण काय, हे शोधण्यासाठी मी हिंडलो.

पांढरा दिवा विझतो

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या शाळेतील एका लांबट खोलीत, संध्याकाळी सव्वापाचनंतर सहावी-सातवीची पंचवीस-तीस मुले जमिनीवर सतरंजीवर बसलेली होती. शिकवणारी ताई त्याच गावची, विज्ञानाची पदवी घेऊन परतलेली, एका स्थानिक विश्वस्त निधीतून मिळणाऱ्या अल्प मानधनावर काम करणारी. प्रत्येक गटाला तिने एक बटण सेल, दोन पेन्सिल सेल, थोडी वायर, चिकटपट्टी आणि लाल व पांढरा असे दोन एलईडी दिवे दिले, आणि “कोणता कशावर पेटतो ते बघा,” एवढेच सांगून ती मागे सरकली.

पहिली दहा मिनिटे नुसता गलका होता. एका पेन्सिल सेलवर काहीच पेटेना. दोन सेल एकापुढे एक धरले तेव्हा लाल दिवा लागला, तोही तारांची बाजू फिरवल्यावर. आणि पांढरा दिवा त्याच दोन सेलांवर जेमतेम उजळला. मग एका मुलीने बटण सेलवर पांढरा दिवा लावला. तो लख्ख पेटला. तो तसाच ठेवून तिने शेजारी लाल दिवाही त्याच सेलला अडकवला आणि लाल दिवा लागता क्षणी पांढरा विझून गेला. लाल काढला की पांढरा परत लागे, लाल लावला की विझे. अर्ध्या मिनिटात सगळे गट तिच्याभोवती गोळा झाले.

“ताई, लाल दिवा पांढऱ्याची वीज पिऊन टाकतो का?”

“तुला तसं वाटतं? मग ते खरं की खोटं, हे कसं कळेल?”

“दोन पांढरे लावून बघू,” एक मुलगा म्हणाला. दोन पांढरे लावले. दोन्ही लागले, किंचित मंद. “म्हणजे पिणारा लालच आहे,” असा एकाने निकाल दिला, तर दुसरीने हरकत घेतली की, लाल जर सगळी वीज पीत असेल तर तो एकटा असतानापेक्षा आता जास्त उजळायला हवा होता, आणि तसा तो झालेला नाही. तेव्हा ताईने कोपऱ्यातल्या पेटीतून मल्टिमीटर काढला आणि सेलच्या दोन बाजूंवर तो कसा टेकवायचा एवढे दाखवून मुलांच्या हाती दिला. पांढरा एकटा असताना आकडा तीनच्या जरासा खाली. लाल जोडताच तो दोनच्या आसपास उतरला. ते आकडे फळ्यावर लिहिले गेले आणि त्यांच्याखाली कोणताही नियम न लिहिता वर्ग सुटला.

यामागचे भौतिकशास्त्र कठीण नाही. लाल एलईडी दोन व्होल्टच्या किंचित खाली प्रवाह वाहू देऊ लागतो, पांढऱ्याला सुमारे तीन व्होल्टचा दाब लागतो. आणि बटण सेल हा इतका दुबळा असतो की लाल दिव्याने प्रवाह ओढायला लागताच सेलचा दाब त्याच्याच पातळीपर्यंत खाली येतो, व त्या दाबावर पांढरा दिवा पेटू शकत नाही. हे वाक्य ताईला पाठ होते. वर्ग सुटल्यावर मी तिला विचारले की ते तिने तिथेच का सांगितले नाही. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं, सर. आता निदान चौघंजण घरी जाऊन भांडतील.”

याच प्रयोगाचा एक दुसरा वर्ग मी एका मोठ्या शहरात पाहिला होता. तेथे टेबले होती, पंखे होते, प्रत्येक मुलापुढे सुबक छापलेली कृतिपत्रिका होती आणि तासाच्या अखेरीस प्रत्येकाच्या हाती दिवा लागणारे एकसारखे शुभेच्छापत्र तयार होते. त्यांतल्या एका मुलीला दिव्याचा लांब पाय याच बाजूला का लावला असे विचारले, तेव्हा तिने अत्यंत प्रामाणिकपणे “सरांनी सांगितलं तसं लावलं,” असे उत्तर दिले. त्या वर्गातील एकही दिवा विझला नव्हता, आणि म्हणून कोणाला काही विचारण्याचा प्रसंगही आला नव्हता.

कुलूप आणि नोंदवही

अटल प्रयोगशाळेच्या योजनेत शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातील दहा लाख उभारणीसाठी आणि उरलेले दहा लाखांपर्यंत पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी असतात. त्या पैशातून थ्रीडी प्रिंटर येतो, सेन्सर येतात, मायक्रोकंट्रोलरच्या पाट्या येतात, हत्यारे येतात. मी पाहिलेल्या अशा काही खोल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलांनी गजबजलेल्या होत्या, काही खोल्यांना मात्र कुलूप होते. जेथे कुलूप होते तेथे आळस किंवा अनास्था हे कारण फारच थोड्या ठिकाणी आढळले.

कारण असे की, शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, आणि नोंदवहीत चढलेली वस्तू तपासणीच्या वेळी रुजू करून दाखवण्याची जबाबदारी ज्या शिक्षकाच्या नावे असते, त्याला ती मोडण्याची मुभा कोणी दिलेली नसते. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेतील एक ज्येष्ठ सर मला म्हणाले, “पंचवीस रुपयांचा सेन्सर जळला तर मी माझ्या खिशातून आणतो, त्याचं काही नाही. पण तो जळाला हे कुठल्या रकान्यात लिहू, ते कोणी सांगत नाही.” निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीचा शेरा, वरिष्ठांची मंजुरी या साऱ्या मार्गाने जाण्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणे त्या शिक्षकाला शहाणपणाचे वाटते, आणि सरकारी दप्तराचा शिरस्ता ध्यानी घेता त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. जे काम मोडतोड झाल्याशिवाय शिकताच येत नाही त्या कामाचे साहित्य टिकाऊ मालमत्ता म्हणून नोंदवणे, हीच मूळ चूक आहे. खडू जसा खर्ची पडतो तसा एलईडी खर्ची पडला पाहिजे, आणि तशी तरतूद करण्यास निराळा पैसा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.

त्याच सरांकडे आठवड्याचे नेहमीचे सगळे तास आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीची कामे आहेत, आणि त्यांवर हा घंटेनंतरचा वर्ग आहे. त्या वर्गाची पूर्वतयारी करण्यास त्यांना वेळापत्रकात एक घटकाही दिलेली नाही. जो प्रयोग शिक्षकाने आधी स्वतःच्या हाताने करून, फसवून आणि पुन्हा जमवून पाहिलेला नाही, तो प्रयोग तो मुलांना मोकळेपणाने करू देणार नाही. कृतिपत्रिका हाती धरून पायरीपायरीने तो करवून घेईल, कारण तो मार्ग त्याच्यापुरता निर्धोक असतो. शहरातल्या त्या एकसारख्या शुभेच्छापत्रांचे मूळ बहुधा येथे आहे.

नाना चौकातील खोल्या

घंटेनंतरच्या विज्ञानाचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले, तेव्हा त्याचा संसार मुंबईच्या नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या काही खोल्यांत मांडलेला होता. मानखुर्दची आजची वास्तू पुष्कळ नंतरची. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालिकेच्या शाळांतील वंचित थरांतल्या मुलांना हाताशी धरून, शाळेच्या वेळेबाहेर त्यांच्यासोबत दीर्घकाळ काम केले, आणि ज्यांच्याकडून शाळेने फारशी आशा बाळगली नव्हती अशा मुलांचे शालान्त परीक्षेतील यश लक्षणीय सुधारते असे दाखवून दिले.

त्या काळच्या त्यांच्या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब भाषेची आहे. मुलांना विज्ञान कळत नाही असे ज्याला म्हटले जाते त्याचा बराच भाग म्हणजे पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांना कळत नाही, हे त्यांनी तपासून पाहिले, आणि मजकूर सोपा करताच आकलन वाढते असा निष्कर्ष मांडला. आज गावोगावच्या रोबोटिक्सच्या वर्गांत बसले की हा निष्कर्ष पदोपदी आठवतो. घरी मराठी, अहिराणी किंवा कोरकू बोलणारी मुले, इंग्रजी सूचनांची पुस्तिका, आणि दोहोंच्या मध्ये उभा राहून शब्दशः उलथा करून सांगणारा शिक्षक असे चित्र मी ठिकठिकाणी पाहिले. ज्या मुलीने “लाल दिवा पांढऱ्याची वीज पितो” असे म्हटले तिने स्वतःच्या भाषेत एक तपासता येण्याजोगे गृहीतक मांडले होते. ‘पिणे’ या क्रियापदाऐवजी तिच्यापुढे ‘विभवांतर’ हा शब्द आधी ठेवला असता, तर ती गप्प बसली असती. पारिभाषिक शब्द अवश्य यावा, परंतु मुलाला त्याची गरज भासल्यानंतर यावा, इतकाच माझा आग्रह आहे.

काडेपेटीपासून घुमटापर्यंत

साहित्य महाग असेल तरच तंत्रज्ञान शिकता येते, हा समज ज्यांनी कायमचा मोडून काढला त्यांत अरविंद गुप्ता यांचे नाव अग्रभागी येते. कानपूरच्या आयआयटीतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यातील टेल्कोत नोकरी करीत असताना, १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या यांपासून सांगाडे रचण्याची त्यांची कल्पना त्याच सुमारास आकाराला आली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दशकभर काम केले, आणि त्यांची खेळणी मराठीसह अनेक भाषांतून जगभर गेली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आगकाड्यांचा चौकोन करून त्याला बोटाने रेटले की तो कलतो. त्रिकोण हलत नाही. मुलाला हे एकदा हाताने कळले की घराच्या छपराची कैची, पुलाचा सांगाडा, विजेचा मनोरा या सर्वांत तो त्रिकोण शोधू लागतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम आहे, तेथे हाच त्रिकोण मोठा होऊन लोखंडी नळ्यांचे घुमट झाला आहे, आणि त्या घुमटांत लोक वावरतात.

विज्ञान आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवून आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ साली ते पाबळला आले आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांची योजना अशी की, आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला द्यावा. त्या कामात अभियांत्रिकी असावी, ऊर्जा व पर्यावरण असावे, शेती व पशुपालन असावे, गृह व आरोग्य असावे. शिकवणारे शक्यतो गावातलेच, त्या त्या धंद्यात मुरलेले असावेत. आणि मुलांच्या हातचे काम गावाच्या उपयोगी पडून त्याचे मोल गावाने द्यावे. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने ही योजना राज्यातील पुष्कळ शाळांतून राबवली गेली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेचे नील गेर्शेनफेल्ड यांनी संगणकचालित यंत्रांची जी ‘फॅब लॅब’ कल्पिली, तिच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी एक २००२ साली याच पाबळला उभी राहिली, हा केवळ योगायोग नव्हे. यंत्र येण्यापूर्वी ज्या गावात करून शिकण्याची सवय लागली होती त्या गावाला यंत्राचे काय करायचे ते ठाऊक होते.

कलबागांच्या योजनेतील गावाने मोल देण्याचे कलम मला सर्वांत खोल वाटते. मुलाने जोडलेले विजेचे बोर्ड शेजाऱ्याच्या घरात बसणार असेल, तर ते नीट चालले पाहिजे ही सक्ती शिक्षकाकडून येत नाही, कामातूनच येते. घंटेनंतरच्या अनेक वर्गांत तयार होणाऱ्या प्रतिकृती मात्र प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर चढतात, पाहुण्यांसमोर एकदा हलतात आणि नंतर माळ्यावर जातात.

संगम केंद्रातील गोष्ठी

होशंगाबादचे नाव वर आले आहे, तर त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गुणवत्ता कशी टिकते याचे इतके स्वच्छ उदाहरण भारतात दुसरे मला ठाऊक नाही. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांतून हा कार्यक्रम सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा संस्थेतील संशोधन सोडून तेथे गेलेले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये एकलव्य संस्थेने त्याचा भार उचलला, आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला तेव्हा तो अनेक जिल्ह्यांतील हजाराहून अधिक शाळांत चालू होता.

हा कार्यक्रम शाळेच्या वेळेतला होता, तरी त्याचा धडा घंटेनंतरच्या वर्गांनाही तितकाच लागू आहे. तेथे शिक्षकाला सुटीत एकदा प्रशिक्षण देऊन वाऱ्यावर सोडलेले नव्हते. परिसरातील शिक्षक दरमहा संगम केंद्रात जमत, कोणता प्रयोग कुठे अडला ते सांगत, तो तेथेच पुन्हा करून पाहत. त्याला मासिक गोष्ठी म्हणत. वर्गात येऊन बसणारा जो सहकारी असे त्याच्या भेटीला अनुवर्तन म्हणत, आणि त्या भेटीचा हेतू तपासणीचा नसून सोबतीचा असे. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित व्यक्तीला पत्राने पाठवले जात आणि त्यांना उत्तरे जात. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती आणि प्रयोगाची स्वतंत्र परीक्षा होती, म्हणून शिक्षकाने जे पेरले त्याचीच मोजदाद होत असे. आपल्याकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, दरमहा भरणाऱ्या शिक्षण परिषदा आहेत. त्यांतील एका परिषदेचे दोन तास घंटेनंतरच्या विज्ञानाला दिले, तर संगम केंद्र नव्याने बांधावे लागणार नाही.

पाहणाऱ्याने काय पाहावे

वर्ग चांगला चालला की नाही हे ठरवायचे कसे, याचा शोध अमेरिकेत बराच पुढे गेलेला आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी निगडित राहून गिल नोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाबाह्य विज्ञानवर्गांच्या निरीक्षणासाठी एक साधन तयार केले. त्यात बारा अंगे आहेत आणि प्रत्येकाला एक ते चार अशी श्रेणी दिली जाते. व्यवस्था, साहित्य आणि जागा ही त्यांतली पहिली. पुढे सहभाग, कृतीचा हेतू, विज्ञानात गुंतणे. मग विषयाचे आकलन, शोधक वृत्ती, केलेल्या कामावर मागे वळून विचार. आणि अखेरीस परस्परसंबंध, मुलाच्या जगण्याशी नाते, व मुलाच्या मताला मिळणारे स्थान. निरीक्षण करणाऱ्यालाही आधी प्रशिक्षण घेऊन पात्रता सिद्ध करावी लागते.

या यादीकडे पाहिले की आपल्या तपासणीचे नमुने केवळ पहिल्या तीन अंगांपाशी थांबतात हे ध्यानात येते. खोली किती चौरस फूट, साहित्य किती नग, हजेरी किती. याच्या पलीकडे रकाना नाही. मुले हातांनी गुंतलेली दिसली की ती बुद्धीनेही गुंतली आहेत असे आपण धरून चालतो, आणि दिव्यांच्या त्या दोन वर्गांची तुलना केली तर हे गृहीत किती तकलादू आहे ते कळते. पांढऱ्या दिव्याच्या वर्गात खोली अंधारी होती, साहित्य शंभर-दोनशे रुपयांचे होते. परंतु शोधक वृत्ती आणि मुलाच्या मताला मिळणारे स्थान या दोन अंगांना मी नि:शंकपणे चारपैकी चार दिले असते. अमेरिकी साधन जसेच्या तसे आणून त्याचे मराठी रकाने पाडावेत असे मी सुचवीत नाही. आठवड्यातून एकदा एका ताईने दुसऱ्या ताईच्या वर्गात कोपऱ्यात बसावे, मुलांनी विचारलेले प्रश्न तेवढे शब्दशः उतरून घ्यावेत, आणि वर्ग सुटल्यावर दोघींनी ते एकत्र वाचावेत. आरंभासाठी एवढे पुरे आहे.

निळी बस

एका शाळेत घंटेनंतरच्या वर्गाला मुली जवळजवळ नसत. शिक्षकांनी पालकांच्या भेटी घेतल्या, मुलींना प्रोत्साहन मिळावे म्हणून एका अभियंता स्त्रीचे व्याख्यान ठेवले, आणि तरीही वर्गात मुलगे तेवढे उरले. मी मुलींना विचारले. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवले. मानव विकास कार्यक्रमातील निळी बस, जी वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना विनामूल्य ने-आण करते, ती सव्वापाचला फाट्यावरून सुटते. ती चुकली तर अंधारात चार-पाच किलोमीटर चालावे लागते, आणि ते कोणतीही आई मान्य करणार नाही. विज्ञानाची आवड, रूढीचे दडपण, आत्मविश्वासाचा अभाव अशी मोठमोठी कारणे ज्या प्रश्नाभोवती उभी केली गेली होती, त्या प्रश्नाचे उत्तर त्या शाळेपुरते तरी आगाराच्या वेळापत्रकात होते.

आगाराला वेळ बदलणे शक्य नव्हते, कारण तीच गाडी पुढे आणखी दोन शाळांच्या मुली घेते. तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी बस सकाळी किती वाजता येते ते पाहिले. ती साडेनऊला येते, आणि शाळा पावणेअकराला भरते. मधला सव्वा तास मुली व्हरांड्यात बसून काढीत असत. बाईंनी प्रयोगशाळेचे कुलूप सकाळी उघडण्याची व्यवस्था केली आणि वर्ग तेव्हापासून शाळेआधी भरू लागला. मी गेलो त्या सकाळी तेथे मुली मुलांहून अधिक होत्या, आणि तिघी मिळून पाण्याच्या टाकीसाठी, पातळी वर आली की वाजणारी घंटा बसवीत होत्या. ती शाळेच्याच टाकीवर चढणार होती. शिकवणाऱ्या ताईचे मानधन मात्र ‘शालेय वेळेनंतरच्या वर्गासाठी’ अशा शब्दांत मंजूर झालेले असल्याने, सकाळच्या तासांची देयके लेखा विभागातून परत आली आहेत. मंजुरीच्या आदेशात ‘वेळेनंतरच्या’ऐवजी ‘वेळेबाहेरच्या’ असा बदल करावा, असा प्रस्ताव बाईंनी जुलैत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला असून, तो पुढे जिल्ह्याला गेला आहे.